देवगडच्या बागायतदाराची टोपी : एक प्रकरण अभ्यास

प्रस्तुत प्रकरण एका गृहस्थाचे आणि त्यांच्या चार टोप्यांचे आहे. गृहस्थ देवगड तालुक्यातील हापूसचे बागायतदार. वय ५१, उंची १६३ सेंटीमीटर, बांधा रुंद, मान आखूड, रंग सावळा, मिशी पिकलेली, डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा आणि कपाळावरचे केस गेल्या दहा वर्षांत जवळजवळ टाळूपर्यंत मागे हटलेले. घरात चार टोप्या असूनही त्यांपैकी एकही ते रोज घालत नव्हते. जानेवारीत, कलमे मोहोराने भरलेली असताना, त्यांच्या पत्नी त्या चारही टोप्या एका पिशवीत घालून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, ह्यांच्या डोक्याला शोभेल असं काहीतरी एकदाचं ठरवून टाका." मी गेली बावीस वर्षे तालुक्यात शिवणकामाचे वर्ग घेते. ब्लाउज, झबली, शाळांचे गणवेश आणि क्वचित नाटकमंडळींचे कपडे एवढाच माझा व्याप असल्यामुळे टोपी हा माझा नित्याचा विषय नव्हता, हे आरंभीच सांगितलेले बरे.

टोपीची निकड दोन कारणांनी उभी राहिली होती. पहिले कारण डोळ्यांचे. उजव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा, ज्याला टेरिजियम म्हणतात, नेत्रतज्ज्ञांना आढळला होता. ऊन, वारा आणि धूळ यांत ज्यांचे दिवस जातात अशा माणसांत तो पुष्कळदा दिसतो. शस्त्रक्रियेची तूर्त गरज नव्हती, परंतु उन्हाचा गॉगल आणि सर्व बाजूंनी कड असलेली टोपी यांवाचून बागेत पाऊल टाकायचे नाही, असे त्यांना बजावण्यात आले होते. दुसरे कारण असे की, आदल्या हंगामापासून ते पर्यटकांना बाग दाखवू लागले होते, आणि आंब्याच्या पेट्यांवर चिकटवायच्या कागदासाठी वडिलांचे छायाचित्र घ्यायचे त्यांच्या मुलीने ठरवले होते. डोळ्यांना हवी असलेली टोपी आणि छायाचित्रात चांगली दिसणारी टोपी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, असे घरातील सर्वांनी गृहीत धरले होते. मला ते पटत नव्हते. न शोभणारी टोपी माणूस चार दिवस घालतो, पाचव्या दिवशी ती पडवीतल्या खुंटीवर जाते आणि डोळा पुन्हा उघडाच राहतो; म्हणून शोभणे ही इथे हौस नसून उपचाराचाच भाग होता.

चार टोप्या

पहिली टोपी कीटकनाशकांच्या विक्रेत्याकडून फुकट मिळालेली, पुढे झापड असलेली क्रिकेटची टोपी होती. ती डोळ्यांवर सावली धरते, पण कान, कानशिले आणि मान यांना तिचा काहीही उपयोग नाही. रूपाच्या दृष्टीने पाहिले तर तिचा अर्धगोल माथा डोक्याला घट्ट चिकटून राही आणि खालच्या भरल्या गालांचीच नक्कल वर करी. त्यामुळे चेहरा एका मोठ्या चेंडूवर ठेवलेल्या लहान चेंडूसारखा दिसे.

दुसरी टोपी मालवणच्या जेटीजवळ 'पनामा' म्हणून विकत घेतलेली होती. खरी पनामा टोपी पनामा देशात होत नाही; ती इक्वेडोरमध्ये टोकिया नावाच्या, ताडासारखी पाने असलेल्या वनस्पतीच्या तंतूंपासून हाताने विणतात, आणि त्या विणकामाला २०१२ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आमच्या हातातली टोपी कागदाच्या पिळलेल्या दोऱ्यांची होती. ओल्या बोटाने दाबताच तिचा काठ मऊ पडला. कोकणात, जिथे पावसाळ्याचे चार महिने कपाटातले चामडेही हिरवे होते, तिथे कागदी विणीची टोपी फार तर एका हंगामाची सोबतीण.

तिसरी टोपी गोव्याच्या सहलीत घेतलेली तपकिरी फेल्टची हॅट होती आणि तिच्यावर गृहस्थांचा जीव होता. दोन्ही बाजूंनी वर वळलेली कड, माथ्यावर खोल घडी, भोवती चामड्याची पट्टी असा तिचा थाट होता. ती त्यांनी माझ्यासमोर डोक्यावर ठेवली तेव्हा ओसरीवर बसलेल्या त्यांच्या आईने क्षणभर पाहून अभिप्राय दिला, "टोपी बरी आसा, पन तू खंय आसस तिच्यात?" मी पुढे घेतलेल्या सगळ्या मापांचे सार त्या वाक्यात होते. हॅट आतून ६० सेंटीमीटरची आणि डोके ५८ सेंटीमीटरचे. केसांचा आधार नसल्यामुळे ती घसरून कानांवर टेकत होती आणि कानांना बाहेर ढकलत होती, त्यामुळे मुळातच रुंद असलेला चेहरा आणखी रुंद दिसे. पुढून ती चष्म्याच्या फ्रेमपर्यंत आली होती. टोपीची काळपट कड आणि चष्म्याची काळी फ्रेम या दोन आडव्या रेषा एकमेकींना भिडल्या की डोळ्यांच्या जागी एक जाड काळा पट्टा उरतो, आणि माणूस नेमका तिथेच हरवतो.

चौथी टोपी त्यांच्या दिवंगत वडिलांची पांढरी गांधी टोपी होती. १९२० च्या असहकार चळवळीत सर्वदूर पसरलेली ही टोपी पुढे कोकणातल्या गावोगावच्या वडीलधाऱ्यांची नित्याची झाली. गृहस्थ ती लग्नकार्यात आणि गावच्या जत्रेत घालत. ऊन अडवण्याच्या कामी ती निरुपयोगी. परंतु आरशासमोर उभे राहिल्यावर चारांपैकी ही एकच टोपी त्यांना निःसंशय शोभत होती. तिने उंची दिली, गालांची रुंदी कमी भासवली आणि चष्म्याला मोकळी जागा ठेवली. हे मी त्या दिवशी वहीत टिपून ठेवले, पण त्याचा अर्थ मला उशिरा लागला.

तक्त्याने दिलेली दोन उत्तरे

चेहऱ्याच्या आकारांवरून टोपी निवडण्याचा तक्ता आता मोबाइलवर सर्वत्र फिरतो आणि माझ्या वर्गातल्या मुलींना तो पाठ आहे. गोल चेहऱ्याला उंच माथ्याची व कोन असलेली टोपी घ्यावी, घुमटासारखी टाळावी. लांबट चेहऱ्याला बुटका माथा आणि रुंद कड असावी. जबडा चौकोनी असेल तर टोपीत गोलाई असावी. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर कड मध्यम ठेवावी. यामागचा विचार एकच आहे की, चेहऱ्यात जे आधीच पुष्कळ आहे त्याची टोपीने पुनरुक्ती करू नये. विचार योग्यच आहे. अडचण मापाची आहे.

गृहस्थांच्या गालफडांची रुंदी १४.८ सेंटीमीटर भरली. लांबी मात्र कुठून मोजायची, हा प्रश्न आला. तक्ता सांगतो की हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत मोजावे. इथे केसांची रेषा टाळूजवळ गेलेली. जिथपर्यंत मोकळे कपाळ दिसत होते तिथपर्यंत मोजले तर लांबी २२.५ सेंटीमीटर, म्हणजे रुंदीच्या दीडपट, आणि चेहरा लांबट ठरला. मग त्यांना भुवया उंचावायला सांगितल्या. कपाळाच्या स्नायूमुळे पडणाऱ्या सुरकुत्यांपैकी सर्वांत वरच्या सुरकुतीच्या जरा वर मूळ केसांची रेषा असते. तिथपर्यंत मोजले तेव्हा लांबी १८.२ सेंटीमीटर आली आणि चेहरा गोलाकडे झुकला. एकाच माणसाला एकाच तक्त्याने बुटक्या माथ्याची रुंद टोपी आणि उंच माथ्याची आटोपशीर टोपी अशी परस्परविरुद्ध दोन उत्तरे दिली होती.

या पेचातून जे लक्षात आले ते मला या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याचे केस मागे गेले आहेत त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली की टोपीची खालची कडच त्याची नवी केसांची रेषा होते. पाहणाऱ्याचा डोळा तिच्यापासून हनुवटीपर्यंतचा भाग म्हणजे चेहरा असे धरतो. म्हणून टोपीचा आकार ठरवण्याआधी ती कपाळावर कुठे बसणार हे ठरवावे लागते, आणि चेहरा गोल की लांबट हे त्यानंतरच ठरते. गृहस्थ फेल्टची हॅट भुवयांपर्यंत ओढत होते तेव्हा त्यांचा चेहरा गोल होत होता. क्रिकेटची टोपी मागे सरकवत होते तेव्हा तो लांब आणि कपाळ उघडेबोडके दिसत होते. गांधी टोपी मात्र सवयीने, वडिलांना पाहून शिकल्याप्रमाणे, भुवयांच्या वर साधारण अडीच बोटे अंतरावर बसत होती. त्या जागी चेहऱ्याची उरलेली लांबी आणि रुंदी यांचा मेळ बसला होता.

मी खडूने त्यांच्या कपाळावर, गांधी टोपीच्या कडेलगत, एक बारीक रेष काढली आणि डोक्याचा घेर त्या रेषेवरून पुन्हा मोजला. तो ५८ सेंटीमीटरच आला. मात्र पुढून मागे लांबी २०.५ सेंटीमीटर आणि कानांवरची रुंदी १६.२ सेंटीमीटर होती, म्हणजे डोके लांबट अंड्यासारखे. फेल्टची हॅट काढल्यावर त्यांच्या कपाळावर तांबडा वळ का उमटे आणि तरीही कानांपाशी बोट जाईल एवढी फट का राही, याचा उलगडा त्यामुळे झाला. बाजारातली टोपी पुष्कळदा यापेक्षा गोल साच्यावर बेतलेली असते. असे डोके तिच्यात पुढे-मागे दाबले जाते आणि बाजूंना सैल राहते. एकट्या घेराच्या आकड्यावर टोपी घेणारे ग्राहक 'माझ्या मापाची असूनही टोचते' अशी तक्रार का करतात, हेही त्यातून कळते. तयार टोपीच घ्यायची असेल तर घामपट्टीच्या मागे, कानांच्या वरच्या बाजूला, दोन्हीकडे फेल्टची अरुंद पट्टी सरकवली की ती फट भरते आणि टोपी डोलायची थांबते. मात्र पुढचा दाब कमी होण्यासाठी टोपी अर्ध्या मापाने मोठी घ्यावी लागते.

मांजरपाटाची कच्ची टोपी आणि माझी चूक

टोपी शिवायचीच असे ठरल्यावर मी मांजरपाटाच्या तुकड्यांची कच्ची टोपी बेतली. माथ्याचे दोन प्रकार करून पाहिले. सहा कळ्या जोडून केलेला माथा घुमटासारखा होतो आणि त्याने क्रिकेटच्या टोपीचाच दोष पुन्हा आणला. दुसरा प्रकार म्हणजे भोवतालची उभी पट्टी आणि वर बसवलेली स्वतंत्र चकती. यात जिथे पट्टी आणि चकती जोडली जाते तिथे स्पष्ट कोपरा मिळतो. चकतीचा घेर खालच्या घेरापेक्षा थोडा कमी ठेवला की माथा वर निमुळता होत जातो. खाली ५९.५ सेंटीमीटर, म्हणजे डोक्यापेक्षा दीड सेंटीमीटर सैल, आणि वर ५५ सेंटीमीटर असे माप धरले. उंची ९, ११ आणि १२.५ सेंटीमीटर अशी तीनदा बदलून पाहिली. ९ ची टोपी डोक्यावर उपडी घातलेल्या वाटीसारखी, १२.५ ची वाजंत्र्यांच्या टोपीसारखी. ११ वर घरातल्या सर्वांचे एकमत झाले, आणि नंतर गांधी टोपी शेजारी ठेवून पाहिले तर तिचीही उंची जवळपास तेवढीच होती.

कडेच्या बाबतीत मात्र मी चुकले. डोळ्यांचा विचार डोक्यात असल्यामुळे मी सर्व बाजूंनी १० सेंटीमीटरची कड कापली. उन्हापासून संरक्षणासाठी प्रौढांच्या टोपीची कड निदान ७.५ सेंटीमीटर असावी असे सांगितले जाते. त्याहून थोडी जास्त असलेली बरी, असा माझा सरळसोट हिशेब होता. कड खांद्यांच्या बाहेर जाऊ नये हा नेहमीचा नियमही तिने पाळला होता, कारण टोपीची एकूण रुंदी ३७ सेंटीमीटर आणि खांदे ४६ सेंटीमीटर होते. आरशासमोर ताठ उभे असताना ती बरी दिसली. मुलीने तीन मीटरवरून, छातीच्या उंचीवर मोबाइल धरून छायाचित्रे काढली, तेव्हा पहिला दोष दिसला: मान आखूड असल्यामुळे कड आणि खांदे यांच्यामध्ये प्रकाशच उरत नव्हता, आणि माणूस छत्रीच्या खाली दबल्यासारखा वाटत होता. खांद्यांच्या रुंदीचा नियम मानेची लांबी विचारात घेत नाही, हे मला त्या छायाचित्रांनी शिकवले. टोपी जवळच्या आरशात पाहून निवडू नये असे मी आता वर्गात सांगते. आरसा चेहरा दाखवतो, आणि लोक मात्र माणूस पाहतात.

दुसरा दोष बागेत कळला. फेब्रुवारीच्या शेवटी कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या आणि गृहस्थ एकेका कलमाखाली उभे राहून फळधारणा किती झाली ते पाहत होते. आंब्याच्या बागायतदाराचा निम्मा दिवस मान वर करून जातो. पहिल्याच कलमाखाली त्यांनी वर पाहिले, तशी मागची कड सदऱ्याच्या कॉलरला टेकली, तिने टोपी पुढे लोटली, टोपीने चष्मा नाकावर खाली ढकलला आणि कैरीऐवजी त्यांना टोपीचे अस्तर दिसले. त्यांनी शांतपणे टोपी काढून एका फांदीला अडकवली. पुढचे दोन तास ती तिथेच होती. मी मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, पायरीवर बसून ते सर्व पाहत होते.

त्यानंतर टोपीच्या मागच्या कडेपासून कॉलरपर्यंतचे अंतर मोजले. ताठ उभे असताना ते जेमतेम ६ सेंटीमीटर होते आणि मान वर केली की त्याहूनही कमी. म्हणून कडेची रुंदी सर्व बाजूंनी समान ठेवण्याचा विचार सोडून दिला. पुढे ७.५, दोन्ही बाजूंना ७ आणि मागे ५ सेंटीमीटर, आणि मागची कड किंचित वर उचललेली, असा कागद नव्याने कापला. बेतताना आतल्या अंडाकृतीचा मध्य बाहेरच्या अंडाकृतीच्या मध्यापेक्षा मागे सरकवला की ही रुंदी आपोआप साधते. मागे कमी झालेल्या कडेची भरपाई झापड शिवून करावी, अशी सूचना मी केली; ती त्यांनी 'शाळेतलो पोर दिसतलंय' म्हणून फेटाळली आणि खांद्यावरचा पंचा मानेवर ओढून दाखवला. पंचा त्यांच्या खांद्यावर एरवीही असतोच, त्यामुळे माझी सूचना अनावश्यकच होती.

बाजूच्या कडेचा उतारही विचार करण्याजोगा होता. बकेट हॅटसारखी खाली ओघळणारी कड गालांच्या उताराला समांतर जाते आणि गाल अधिक भरलेले दाखवते. वर वळवलेली कड चेहरा सडपातळ दाखवते, पण कान उघडे टाकते. आम्ही बाजूंची कड सपाट ठेवली आणि पुढची थोडीशी उतरती. त्यासाठी कडेच्या दोन पदरांमध्ये बकरम, म्हणजे ताठपणा देणारे खळीचे कापड, घातले आणि काठापासून आतपर्यंत समांतर दाबटिपा मारल्या. टिपा जितक्या जवळ तितकी कड ताठ. पुढच्या भागात टिपांमधले अंतर १ सेंटीमीटर आणि बाजूंना ६ मिलिमीटर ठेवल्यामुळे एकाच कापडातून दोन प्रकारचे वळण मिळाले.

पवनचक्कीवर

देवगडच्या सड्यावर, म्हणजे समुद्राच्या वरच्या कातळी पठारावर, जिथे पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत तिथे दुपारी चारनंतर जाऊन उभे राहणे ही कोणत्याही टोपीची खरी परीक्षा आहे. आम्ही दोन्ही कच्च्या टोप्या घेऊन तिथे गेलो. १० सेंटीमीटर कडेची टोपी दुसऱ्या झुळकीलाच उडाली आणि गृहस्थांच्या मुलीने धावत जाऊन गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) पकडली. नवी टोपी हलली, कपाळावरून एकदा उचलली गेली, पण राहिली. घरी येऊन हिशेब केला. सर्व बाजूंनी १० सेंटीमीटरच्या कडेचे क्षेत्रफळ साधारण ९०० चौरस सेंटीमीटर होते, तर ७.५ सेंटीमीटरच्या कडेचे ६१५. आमची कड मागे याहूनही आखूड असल्यामुळे वाऱ्याला धरायला त्याहून कमी जागा मिळत होती. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे कडेतला प्रत्येक सेंटीमीटर किनाऱ्यावर महाग पडतो.

नाडीचा प्रश्न उरला. हनुवटीखाली बांधलेली नाडी आखूड मानेवर फार वाईट दिसते. ती दुसरी हनुवटी रेखून दाखवते. "माका नको ती नाडी," एवढ्यावर गृहस्थांनी विषय संपवला होता. तेव्हा तीच नाडी कानांच्या मागून नेऊन डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली अडकेल अशी बसवली. तिथे ती कोणाला दिसत नाही आणि समोरून येणारा वारा टोपी मागे उलटवू लागला की ताण घेते. वारा मागून आला तर तिचा उपयोग नाही, पण सड्यावर मागून वारा आला तर माणूस स्वतःच वळून उभा राहतो.

रंग आणि कापड

रंगाबाबत घरात मतभेद होते. पांढरा थंड, म्हणून आईंना पांढरा हवा होता. छायाचित्रांनी तो बाद केला: भर उन्हात पांढरी टोपी इतकी उजळते की मोबाइलचा कॅमेरा तिच्याकडे पाहून सगळे चित्र काळवंडवतो आणि कडेच्या सावलीतला सावळा चेहरा ओळखू येईनासा होतो. बाग कातळावरची असल्यामुळे तांबडी माती आठवड्याभरात पांढऱ्याचे काय करते, ते वेगळेच. खाकी रंग चेहऱ्याच्या रंगाच्या इतका जवळ होता की टोपी कुठे संपते आणि कपाळ कुठे सुरू होते ते कळत नव्हते. शेवटी राखाडी ड्रिल निवडले. त्याचा रंग पिकलेल्या मिशीशी जुळला. वर टोपी आणि खाली मिशी अशा दोन सारख्या रंगांमध्ये चेहरा नीट बसवल्यासारखा दिसू लागला. ज्यांची दाढीमिशी पिकली आहे त्यांनी टोपीचा रंग तिच्याशी ताडून पाहावा, एवढी शिफारस मी या एका उदाहरणावरूनही करायला तयार आहे.

कडेच्या खालच्या बाजूला बाटलीसारखे गडद हिरवे कापड लावले. ते शोभेसाठी नव्हते. कोरडी वाळू सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के परत फेकतो, आणि गृहस्थ पर्यटकांना बागेनंतर कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर घेऊन जातात. खालून आलेला उजेड कडेच्या फिकट अस्तरावर आपटून पुन्हा डोळ्यांत जातो. गडद अस्तर तो बराचसा गिळून टाकते. टोपी त्यामुळे गॉगलची जागा घेत नाही, कारण वाळूवरून थेट डोळ्यांत येणाऱ्या किरणांपुढे कोणतीही कड लाचार आहे. कापड निवडताना प्रत्येक तुकडा खिडकीसमोर धरून पाहिला होता. ज्यातून उजेडाचे ठिपके दिसतात त्यातून ऊनही येते.

माथ्याच्या बाजूंना हवेसाठी भोके ठेवायची होती. पितळी आयलेट (भोकांना बसवायच्या कड्या) लावले असते तर खाऱ्या हवेत त्यांवर हिरवट गंज चढून कापडाला डाग पडले असते, म्हणून काजाच्या टाक्याने हाताने चार गोल भोके विणली. घामपट्टी चामड्याऐवजी टॉवेलच्या सुती कापडाची केली आणि ती चार ठिकाणी बटणांनी काढता येईल अशी बसवली. केस नसलेल्या कपाळावरून घाम न अडता खाली येतो. पट्टी जाड आणि खरबरीत असेल तर ती घामही धरते आणि टोपीलाही धरून ठेवते.

हंगामात

टोपी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तयार झाली. पहिले तीन दिवस गृहस्थांनी ती घातली नाही. विचारले तेव्हा त्यांनी कारण सांगितले नाही, वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, सांगितले. शेजारच्या बागेतल्या गड्याने 'साहेब इले' म्हटले होते. टोपी शोभते की नाही हे ठरवणाऱ्यांमध्ये गावही असते, हा मुद्दा कोणत्याही तक्त्यात नाही आणि माझ्याही वहीत नव्हता. आमच्याकडे कड असलेली हॅट म्हणजे साहेबाची किंवा पर्यटकाची वस्तू, आणि कष्टकऱ्याच्या डोक्याला मुंडासे, पंचा किंवा फार तर भाताच्या लावणीत इरले. मी एवढेच केले की माथ्याभोवतीची सजावटीची रिबीन उसवून टाकली आणि तिच्या जागी त्यांच्याच जुन्या पंच्याच्या लाल किनारीची पट्टी शिवली. चौथ्या दिवशी टोपी बागेत गेली. किनारीमुळे गेली की थट्टा शिळी झाली म्हणून गेली, याविषयी वहिनींचे आणि माझे अजून एकमत नाही.

एप्रिल आणि मे हे तिचे कसोटीचे महिने ठरले. देवगड १६ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर असल्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो आणि त्या दिवसांत टोपीची सावली नाकापासून कानांच्या पाळ्यांपर्यंत सारखी पडत होती. सकाळी झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) घेऊन आंबे उतरवताना मान वर जात होती आणि टोपी जागची हलत नव्हती. मात्र संध्याकाळी, समुद्रावर ऊन कलले की, ते कडेखालून थेट डोळ्यांत शिरे. तेव्हा ते टोपी एक बोट पुढे ओढत आणि गॉगलवर भिस्त ठेवत. पेटीवरच्या कागदासाठीचे छायाचित्र सकाळी नऊच्या सुमारास, पश्चिमेकडे तोंड करून न घेता झाडाच्या विरळ सावलीत घेतले गेले. त्यात चष्म्याची फ्रेम आणि टोपीची कड यांच्यामध्ये दोन बोटे कपाळ दिसते आणि चेहरा आधी, टोपी नंतर दिसते. आईंनी तो कागद हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिला आणि "बापाशीसारखो दिसता" एवढेच म्हणाल्या.

जूनच्या सुरुवातीला टोपी माझ्याकडे परत आली. कडेच्या पुढच्या डाव्या भागात, टोपी काढताना चिमटीत धरण्याच्या जागी, बकरम मोडले होते आणि माथ्यावर घामाच्या क्षारांची पांढरी नक्षी उठली होती. फेल्टच्या हॅटलाही पुढून चिमटीत धरल्याने अशीच मोड येते. टोपी दोन्ही हातांनी कडेला धरून काढावी, हे मी त्यांना दाखवून दिले, जरी एका हातात झेला असताना ते जमणार नाही हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. धुऊन, सुकवून, माथ्याच्या आकाराचा कागदाचा बोळा आत घालून ती पावसाळ्यासाठी आंब्याच्या रिकाम्या पेटीत उपडी न ठेवता माथ्यावर उलटी ठेवली, म्हणजे कडेवर भार येत नाही.

दुसरी टोपी दिवाळीनंतर कापली. तिच्यात पुढच्या डाव्या भागात बकरमचे दोन पदर घातले, मागची कड अर्ध्या सेंटीमीटरने कमी केली आणि पंच्याची किनार सुरुवातीपासूनच लावली. वहिनींचेही माप त्याच दिवशी घेतले: घेर ५५ सेंटीमीटर, पण अंबाडा जिथे येतो तिथे मागची कड बसतच नाही, त्यामुळे त्यांच्या टोपीचा कागद अजून माझ्या टेबलावर अर्धवट कापलेला आहे.